माकडं नाहीत काय तुमच्याकडे?

परसबाग दुप्पट केली म्हटल्यावर कौतुक कुणी करत नाही, आधी हाच प्रश्न येतो. देवगड तालुक्यात माकडं नसलेलं घर दाखवा, मी उद्या सामान घेऊन राहायला येते.

आमच्या वाडीत निम्म्या घरांनी भाजी लावणं सोडलंय. वांगी घाटावरून येतात. लालतोंडी माकडं दोडकी खातात कमी, मोडून टाकतात जास्त. जाळी लावली, तिच्यावर चढली. फटाक्यांचा धाक तीन दिवस टिकला. बुजगावण्याच्या खांद्यावर बसून एकाने काकडी खाल्लेली मी स्वतः पाहिलीय. लसूण-मिरचीचा फवारा सुचवणाऱ्या शहरातल्या मंडळींनी एकदा जुलैत येऊन तो मारून दाखवावा.

म्हणून नवीन दोन गुंठ्यांत जमिनीखालचंच लावलं. हळद, आलं, सुरण. आमच्याकडे हळदीला तरी माकडं तोंड लावत नाहीत. कणगीचे कंद मात्र साळिंदराने एका रात्रीत उकरले. सकाळी खड्डे, आणि एक काळा-पांढरा काटा. तो लेकीने दप्तरात ठेवलाय.

माकडांचं एकवेळ कळतं, पावसाचं कळेनासं झालंय. आमचा सगळा हिशेब मृगाचा, म्हणजे ७ जूनच्या आसपासचा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडात पोचला, आणि त्याआधीही काही दिवस कोसळतच होता. आमसुलं अर्धी ओली, लाकडं अंगणात, वाफे व्हायचेच होते. घाईने पेरलेली भेंडी कुजली. आता बी एकदम संपवत नाही, आठ-आठ दिवसांनी तीनदा पेरते. वाफे वीतभर उंच, कडेने चर. मिरचीची रोपं पडवीत करवंट्यांमध्ये.

"माकडांना मारून टाका" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. डोंगरावरची जांभळं, उंबर तोडून आपणच हापूसची कलमं आणि काजू लावले. त्यांनी खायचं काय? गडग्याबाहेरचा, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचा उंबर मी तोडू दिला नाही, त्यावरून घरात भांडण झालं. सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूने: "खातली तर खातली, म्हणान लावचाच नाय?"

त्यांच्या हट्टापायी मांडवही एक ठेवलाय. परवा पहिलं पडवळ मिळालं. दुसरं वाकडं होत होतं, म्हणून त्याला दोरीने दगड बांधला. आज सकाळी दोरी आणि दगड तेवढे शिल्लक होते.