पसारा आवरायला निघालात? आधी डबे आणू नका

घर आवरायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी मी काय केलं असेल? झाकणाचे बारा डबे विकत आणले. पारदर्शक, एकावर एक बसणारे, बाजूला चिठ्ठी लावायला जागा असलेले. सगळा पसारा त्यांत भरला, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या, फोटोही काढला. वस्तू कमी करायला निघालेल्या बाईने घरात बारा वस्तू वाढवल्या. आतला ऐवज होता तेवढाच राहिला, फक्त आता तो रांगेत उभा होता.

हे आधीच कबूल करून टाकते, कारण पांढऱ्या भिंती, एक कुंडी आणि एक खुर्ची असे फोटो बघून हल्ली मैत्रिणी विचारतात, ‘मिनिमलिझमची (म्हणजे मोजक्याच वस्तूंत राहण्याची) सुरुवात कुठून करू?’ तुझ्या ‘असू दे’पासून कर, एवढंच मी सांगते.

माझ्या घरातला निम्मा पसारा ‘असू दे, लागेल कधीतरी’ या चार शब्दांवर जमलेला होता. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, असू दे. एकाच कानात वाजणारा हेडफोन, असू दे. कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा सहा किल्ल्या. अंगात न बसणारी जीन्स. (ती तर नुसती जीन्स नव्हती, संकल्प होता.)

हा आपला आळस, असं मी बरीच वर्षं समजत होते. आळस आहेच, नाही कुठे म्हणतेय! पण आणखीही काहीतरी आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये त्याला नाव दिलं, ‘एन्डाउमेंट इफेक्ट’. सोप्या भाषेत, वस्तू आपली झाली की आपल्याला तिची किंमत जास्त वाटायला लागते. 1990 मध्ये डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि थेलर यांचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विकणार का, केवढ्याला, असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते, ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत मगवाल्यांनी सांगितली. मग तेच, वर्ग तोच. काही वेळापूर्वी हातात आलेल्या मगाची ही कथा, तर दहा वर्षं कपाटात असलेल्या जीन्सची काय सांगावी!

म्हणून ‘ही वस्तू मला आवडते का?’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. आपली आहे म्हणून ती आवडणारच. उलट स्क्रूड्रायव्हर बघून कुणाचं मन भरून येत नाही, तरी तो घरात हवाच. मी दुसरा प्रश्न विचारायला लागले. ही वस्तू आज माझ्याकडे नसती, तर मी ती मुद्दाम जाऊन विकत आणली असती का? जीन्सच्या बाबतीत उत्तर यायला दोन सेकंद लागले. पुढचा अर्धा तास तिच्यासाठी मोजलेले पैसे आठवून हळहळण्यात गेला, ते सोडा. पैसे दुकानातच गेले होते. कपाटात अडकली होती ती फक्त जागा.

सुट्टीच्या एका दिवसात अख्खं घर उलथंपालथं करू नका, हेही कळकळीने सांगते. मी केलंय. दुपारी चारपर्यंत उत्साह संपला, सगळं पलंगावर पसरलेलं, आणि रात्री झोपायचं म्हणून ते होतं तसं परत कपाटात कोंबलं. एका दिवशी एकच ड्रॉवर. तोही बाथरूममधला किंवा स्वयंपाकघरातला, जिथे भावना कमी गुंतलेल्या असतात. फोटो आणि पत्रांपासून सुरुवात केलीत तर संध्याकाळी तुम्ही जमिनीवर बसून पत्रं वाचत असाल.

वायरींचा ड्रॉवर मात्र लवकर घ्या. माझ्याकडे नऊ चार्जर निघाले, फोन दोन. खालून एक जुना फोन निघाला, त्याची पाठ फुगलेली होती. लिथियमची बॅटरी खराब झाली की आत वायू साठून ती फुगते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. कचऱ्याच्या डब्यातही नको, कारण पुढे ती कुठेतरी चेपली गेली की आग लागू शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या मार्गाला लागल्याची नोंद आहे. ‘घराबाहेर काढलं, सुटलो’ असं म्हणताना हा आकडा मला टोचतो. आपल्या दारातून गेलेली वस्तू कुठेतरी असतेच. त्यामुळे दान म्हणून फाटकं-विटकं देऊन मोकळं होणंही मला पटत नाही. जे आपण मैत्रिणीला द्यायला लाजू, ते अनोळखी माणसाला कसं द्यायचं?

आठवणींच्या वस्तूंपाशी मी अडले. बाबांचं थांबलेलं घड्याळ ठेवलं, ते जाणार नाही. पण शाळेतल्या ट्रॉफ्यांचे आधी फोटो काढले आणि मग त्या काढून टाकल्या. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत संशोधकांनी ती करून बघितली होती. वस्तू देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा असं जिथे सुचवलं, तिथे सुमारे 15 टक्के जास्त वस्तू जमा झाल्या. 2017 मध्ये हा अभ्यास छापून आला. गंमत म्हणजे ट्रॉफ्यांचे ते फोटो मी आजवर एकदाही उघडलेले नाहीत.

आता माझी खरी चूक. हुरूप आला की माणूस दुसऱ्याच्या कपाटाकडे वळतो. नवरा बाहेरगावी असताना मी त्याचं जुन्या रेडिओच्या सुट्या भागांचं खोकं काढून टाकलं. चार वर्षांत त्याने ते उघडलं नव्हतं. आल्यावर नेमकं तेच शोधलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं, दोन दिवस नुसता गप्प होता. माझा प्रश्न मी माझ्या जीन्सला विचारायचा होता, त्याच्या रेडिओला नाही.

समजूत काढायला (खरं तर स्वतःची बाजू मांडायला) मी त्याला एक जुना अभ्यास वाचून दाखवला. 2010 चा. नोकरी करणाऱ्या 60 नवरा-बायकांना आपलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असं जास्त आलं, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा डोळ्यांत भरतो, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘म्हणजे मला पसारा दिसत नाही, हे तब्येतीला चांगलंच आहे.’

सासूबाईंचं तर वेगळंच. त्या रिकाम्या बरण्या धुऊन ठेवतात, दोरा गुंडाळून ठेवतात. पूर्वी मला ते बघून चिडचिड व्हायची. पण लागलं की परत आणू, हे मी म्हणू शकते, कारण माझ्याकडे परत आणायची ऐपत आहे. टंचाईत वाढलेल्या माणसासाठी ती बरणी म्हणजे उद्याची सोय असते. तीसच वस्तूंत जगतो असं कौतुकाने सांगणाऱ्यांच्या खिशात कार्ड असतं, ती एकतिसावी वस्तू कुणी मोजत नाही.

बारा डब्यांपैकी नऊ आता रिकामे झालेत. ते कुणाला हवे असतील तर सांगा, स्वच्छ धुऊन देईन. सासूबाईंनी मात्र दोन आधीच बाजूला ठेवलेत. म्हणाल्या, ‘असू देत गं.’