रेझिस्टंट जंतू कमजोर असतो म्हणे! त्या मेसेजला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. त्यात लिहिलंय की अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू त्या भानगडीत स्वतःची ताकद घालवून बसतो, म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही. पुढे, कल्चर टेस्ट (पेशंटच्या नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, औषधाची सवय आपल्या शरीराला होते, असले जंतू परदेशात असतात आणि हळदीच्या काढ्याने मरतात. मी एरवी दुर्लक्ष केलं असतं, पण मामा न्यूमोनियाने आयसीयूत आहेत आणि मामी मला फोन करून विचारतेय की कल्चर नको म्हणून सांगू का. आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात थोडं खरं आहे. रेझिस्टन्सची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुकं बाळगायला जंतूला कधीकधी किंमत मोजावी लागते, वाढ मंदावते, हे मान्य. न्यूमोनियासारखी इन्फेक्शन करणाऱ्या क्लेब्सिएला न्यूमोनी या जंतूचे बरीच वर्षं साधारण दोन वेगळे गट दिसायचे, एक हॉस्पिटलातला, औषधांना न जुमानणारा पण तितका आक्रमक नसलेला, आणि दुसरा आक्रमक, धडधाकट माणसाच्या लिव्हरमध्येही गळू करणारा, पण साध्या औषधांनी मरणारा. मेसेज लिहिणाऱ्याने इथपर्यंतच वाचलंय.

पण औषधाला टिकून राहणं वेगळं आणि शरीराचं नुकसान करणं वेगळं, दोन्हीची जनुकं वेगळी असतात. आणि ती बरेचदा प्लास्मिडवर असतात, म्हणजे डीएनएचा एक सुटा गोल तुकडा जो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मग दोन्ही एकाच जंतूत आली तर? आली आहेत. 2016 मध्ये चीनमधल्या हांगचौच्या एका हॉस्पिटलात आयसीयूतल्या पाच पेशंटना असाच क्लेब्सिएला झाला. पाचही जण मोठ्या अपघाती जखमांच्या ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर होते आणि पाचही जण गेले. लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आलाय. कार्बापेनेम, म्हणजे डॉक्टर जी औषधं शेवटी काढतात, त्यांना न जुमानणाऱ्या जंतूने वरून घातकपणाच्या जनुकांचं प्लास्मिड उचललं होतं. त्यातली काही जनुकं जंतूभोवतीचं चिकट आवरण वाढवतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही, आणि काही एरोबॅक्टिन नावाचा पदार्थ बनवतात जो शरीराने जंतूंपासून लपवून ठेवलेलं लोहसुद्धा ओढून घेतो. अशा जंतूंची वसाहत, म्हणजे डिशमध्ये वाढलेला ठिपका, लॅबमध्ये लूपने, म्हणजे छोट्या कडीने, उचलली की पुष्कळदा पाकासारखी तार निघते, पाच मिलिमीटरपेक्षा लांब. हा कमजोर जंतू?

परदेशातला म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2024 मध्ये या आक्रमक क्लेब्सिएलाबद्दल इशारा दिला, त्यात तो आढळल्याचं कळवणाऱ्या 16 देश-प्रदेशांत भारत आहे.

सवय शरीराला होत नाही, जंतू बदलतो. हळदीबद्दल एवढंच की लॅबच्या डिशमध्ये जंतू मरणं वेगळं आणि पोटातून घेतलेली हळद फुप्फुसातल्या इन्फेक्शनपर्यंत पोचणं वेगळं, हळदीतलं कर्क्युमिन रक्तात नावापुरतंच उतरतं. काढ्यावर विसंबून आयसीयूतला पेशंट बरा होत नाही. सर्दीला उठसूट अँटिबायोटिक घेऊ नका असंही त्या मेसेजात एक वाक्य आहे, ते बरोबर आहे, पण सर्दी कुठे आणि आयसीयूतला न्यूमोनिया कुठे!

आता कल्चर. हॉस्पिटलची बिलं अवाच्या सवा येतात, त्यावर भांडा, मीही भांडते. पण नेमकी हीच टेस्ट नाकारू नका. सुरुवातीला डॉक्टर अंदाजाने औषध चालू करतात, दोन-तीन दिवसांत कल्चर सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट आला की कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, चुकीचं बंद करता येतं, कधी महागडं इंजेक्शन थांबवून साधं देता येतं. ही टेस्ट नाही केली तर पुढेही अंदाजच, आणि एक लागू पडलं नाही की त्याहून भारी दुसरं. घातकपणाची जनुकं या साध्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत हे खरंय, त्याला वेगळी तपासणी लागते, पण औषध निवडायला हा रिपोर्टच लागतो.

मामीला मी सांगितलंय, नमुना घेऊ दे, रिपोर्टची कॉपी मागून घे आणि डॉक्टरांना विचार की त्यानुसार औषध बदललं का. तुमच्या घरचं कुणी ॲडमिट असेल तर तुम्हीही हेच विचारा.