दार लावून घेतलेली आई
'मुलगा असा निघाला, आई-वडील काय करत होते?' हा प्रश्न एका लेखात वाचून राहवलं नाही. फ्रॅन क्रांझचा 'मास' (२०२१) हा चित्रपट आम्ही नवरा-बायकोने नाशिकला घरीच पाहिला. चर्चच्या खोलीत चार माणसं, शाळेतल्या गोळीबारात गेलेल्या मुलाचे आई-वडील आणि गोळ्या झाडणाऱ्याचे. गोळीबार दाखवलेलाच नाही. शेवटी गोळ्या झाडणाऱ्याच्या आईच्या भूमिकेतली अ‍ॅन डाउड परत येऊन सांगते, मुलगा मारायची धमकी देत होता तेव्हा घाबरून मी दार लावून घेतलं. मारू द्यायला हवं होतं, निदान तो कोण आहे ते कळलं असतं. हिने माझा हात घट्ट धरला. त्या बाईला मी दोष देऊच शकत नाही. आमचाही मुलगा दहावीनंतर दोन वर्षं सिडकोतल्या घरात खोलीचं दार लावून बसायचा. वयच तसं, म्हणून आम्ही कधी ठोठावलं नाही.