‘झुऑलॉजी म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

भाचीने पदवीला प्राणिशास्त्र घेतलं आणि आठवड्याच्या आत तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. खाली स्वतःची पुस्ती: “अजून वेळ आहे, विषय बदलता येईल.” मेसेज बऱ्याच जणांकडे फिरत असणार. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी, उपयोग शून्य. तेही सारखं बदलतं, म्हणजे शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नाही. उत्क्रांती हा ‘फक्त सिद्धांत’, मधले दुवे सापडलेच नाहीत. पुस्तकांतल्या गर्भाच्या आकृत्या बनावट. आणि डीएनए वाचणारी यंत्रं आल्यावर प्राणी ओळखणारा माणूस हवाच कशाला? शेवटी हात जोडून ‘पालकांनो, जागे व्हा’.

मी हाच विषय एम.एस्सी.पर्यंत शिकले आहे. ताईला फोनवर जे बोलले ते इथे जरा सभ्य भाषेत लिहिते.

‘उपयोग शून्य’ हा मुद्दा सगळ्यात अडाणी आणि सगळ्यात घातकही, म्हणून आधी तोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले मलेरियाचे अभ्यासक एका कोड्यापुढे हात टेकून बसले होते. अ‍ॅनाफिलीस डासाची मादी मलेरिया पसरवते हे तोवर सिद्ध झालं होतं. पण काही भागांत अ‍ॅनाफिलीस मुबलक आणि मलेरिया नावालाही नाही, तर काही भागांत तोच डास आणि माणसं तापाने फणफणलेली. तोच डास म्हणजे अ‍ॅनाफिलीस मॅक्युलिपेनिस. निदान नाव तरी सगळीकडे तेच होतं. हवामान झालं, गुरं झाली, राहणीमान झालं, कशानेच पुरता उलगडा होईना. मग १९२६ मध्ये इटलीत दोमेनिको फालेरोनी यांनी डासांऐवजी डासांची अंडी निरखली. प्रौढ डास सारखेच दिसत होते, पण अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी होती, आणि एका मादीची सगळी अंडी एकाच नक्षीची. पुढच्या दहाएक वर्षांत हॅकेट, मिसिरोली वगैरे मलेरिया-संशोधकांनी हा धागा पकडला आणि लक्षात आलं की एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. त्यांतली लाब्रान्किए माणसाचं रक्त पिते आणि मलेरिया पसरवते. मेसेए मुख्यतः गुराढोरांवर भागवते. म्हणजे इतकी वर्षं ज्याला रोगाचं कोडं म्हणत होते ती वर्गीकरणातली चूक होती! कुठल्या डासामागे माणसं आणि पैसा लावायचा, हे ठरवायला आधी तो डास कोणता हे कळावं लागतं. अंड्यावरची नक्षी बघत बसलेल्या माणसालाही तेव्हा कुणीतरी ‘याचा उपयोग काय’ म्हणालंच असेल.

घोकंपट्टी होते, हे मात्र नाइलाजाने कबूल. ‘अमुक संघाची लक्षणे लिहा’ याच्या पलीकडे न जाणाऱ्या प्रश्नपत्रिका मीही सोडवल्या आहेत, आणि जर्नलमधल्या आकृत्या मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवल्या आहेत. तो दोष परीक्षेचा. त्यासाठी विषयाला का झोडपता?

वर्गीकरण बदलतं? बदलायलाच हवं. वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने आधी देवमासे माशांत टाकले होते, त्याच्याच पुस्तकाच्या १७५८च्या आवृत्तीत ते सस्तन प्राण्यांत हलवले. त्याने चूक तशीच ठेवायला हवी होती का? वाळवीचा स्वतंत्र गण, म्हणजे वर्गीकरणातला मोठा गट, होता. २००७ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून ती झुरळांच्या गणात गेली, कारण लाकूड खाणारी काही झुरळं इतर झुरळांपेक्षा वाळवीला जवळची निघाली. त्या झुरळांच्या आणि वाळवीच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव सारखे आहेत, हे तर १९३०च्या दशकातच दिसलं होतं. नवा पुरावा आल्यावर जुनं मत सोडणं याला मेसेजवाले अज्ञान म्हणतात.

‘फक्त सिद्धांत’वर वेळ घालवत नाही. रोग जंतूंमुळे होतात हाही सिद्धांतच आहे, पण म्हणून कुणी हात धुवायचं सोडत नाही. मधले दुवे म्हणाल, तर टिकटालिक नावाचा जीवाश्म बघा. मासे आणि चारपायी यांच्या मधलं काही सापडायचं तर ते सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या खडकांत, असं ठरवून शुबिन आणि डेश्लर हे जीवाश्मशास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात काही उन्हाळे खपले. २००४ मध्ये मिळाला: खवले आणि पोहायचे पर माशाचे, पण मान आहे, परांच्या आत मनगटासारखी हाडं आहेत. पुढे पोलंडमध्ये त्याहून जुने चारपायी प्राण्यांच्या पावलांचे ठसे मिळाले, त्यामुळे टिकटालिक आपला पणजोबा नसून चुलत पणजोबा असावा. ‘दुवा’ हा शब्दच त्यामुळे जरा फसवा आहे, पण प्राणी खोटा नाही.

गर्भांच्या आकृत्या. इथे मेसेज अर्धा खरा आहे. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काढलेल्या आकृत्यांत वेगवेगळ्या प्राण्यांच्या गर्भांतलं साम्य फुगवलेलं होतं, आणि त्या पुस्तकांत नको तितकी वर्षं राहिल्या. चूक दाखवली ती जीवशास्त्रज्ञांनीच, हेकेलच्या हयातीतही आणि १९९७ मध्ये खऱ्या गर्भांचे फोटो काढूनही. पण त्या आकृत्यांतल्या गळ्याजवळच्या कमानी माणसाच्या गर्भात असतातच. त्या हेकेलने काढल्या म्हणून आलेल्या नाहीत.

राहिलं यंत्र. यंत्र डीएनएचा क्रम देतं आणि तो आधी साठवलेल्या क्रमांशी जुळवून बघतं. साठवलेल्या क्रमावरचं नाव कुणीतरी नमुना हातात धरून, पाय-पंख-केस मोजून दिलेलं असतं. ते चुकलं तर यंत्र तीच चूक झपाट्याने परत करतं. आणि जुळवायला नावच नसेल तर? २०११च्या एका अंदाजानुसार प्राणी, वनस्पती, बुरशी वगैरे धरून सुमारे ८७ लाख जाती असाव्यात, आणि नोंद तेव्हा जेमतेम १२ लाखांची होती. अंदाजावर वाद आहेत, पण उरलेलं काम थोडं आहे असं कुणीच म्हणत नाही.

ताई, तो मेसेज तुला ज्या ग्रुपवरून आला, तिथे हेही टाक.