थर्मोस्टॅट काढा, उतारावर न्यूट्रल टाका : जुन्या ट्रकच्या त्या मेसेजला माझं उत्तर

ट्रकवाल्यांच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, "जुन्या डिझेल ट्रकचं आयुष्य वाढवायचे नऊ उपाय". मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी पहिला उपाय करूनही टाकला होता, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : थर्मोस्टॅट (इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा, गरमीने उघडणारा व्हॉल्व) काढून टाका म्हणजे गाडी गरम होणार नाही, रेडिएटरला साधं पाणी पुरे, सकाळी वीस मिनिटं गाडी उभ्यानेच चालू ठेवा, घाट उतरताना न्यूट्रल टाकून डिझेल वाचवा, टाकीत पाच लिटर रॉकेल नाहीतर टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं 2T ऑइल) घाला म्हणजे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) साफ राहतात, धूर मारत असेल तर जाड ऑइल भरा, एअर फिल्टर दर रविवारी हवा मारून साफ करा, टॅपेट (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांची फट) वाजत नाहीत तोवर हात लावू नका, आणि एअर टाकीचं (ब्रेकची हवा साठवणाऱ्या टाकीचं) पाणी रोज काढा. खाली लिहिलंय की जुनी इंजिनं लोखंडी असतात, त्यांना काही होत नाही.

आमच्याकडे 2006 चा टाटा 1613 आहे, कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, डिझेलचा पंप मेकॅनिकल, हंगामात ऊस आणि एरवी सिमेंट, खत, जे मिळेल ते. आबांनी चालवला, आता दुरुस्तीचं सगळं मी बघतो. या नऊपैकी तीन-चार गोष्टी आम्हीही करून बसलोय, त्यामुळे त्यांचं पुढं काय होतं ते हाताने उघडून बघितलंय.

थर्मोस्टॅटपासूनच सुरू करतो कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतंय. लोकांची समजूत अशी की थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा, तो काढला की पाणी मोकळं फिरतं आणि इंजिन थंड राहतं. पण डिझेल इंजिन थंड राहावं असं कुणी बनवलेलंच नाही. आमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण 83 डिग्रीला उघडायला लागतो, म्हणजे इंजिनाने त्याच्या वर राहूनच काम करावं असा हिशोब आहे. पिस्टन, त्याच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातली फट त्या गरमीला बरोबर बसते. इंजिन 55-60 वर चालत राहिलं तर डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं डिझेल बोअरवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं, ऑइल पातळ होतं, त्यात ओल धरते आणि रिंगा लवकर झिजतात.

दुसरी गोष्ट मेस्त्री लोकांपैकीही बऱ्याच जणांना माहीत नसते. या थर्मोस्टॅटला दोन कामं आहेत. थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासने इंजिनातच फिरवतो, गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपास बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो, म्हणजे घाटात फुल लोडवर जेव्हा सगळं पाणी रेडिएटरमधून जायला पाहिजे तेव्हा त्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाता गरमच परत फिरतं. म्हणजे सपाट रस्त्याला गाडी नको तेवढी थंड आणि घाटात नको तेवढी गरम.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. गाडी खंबाटकी घाटात गरम व्हायची म्हणून एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढला, पैसे दिले, खूश होऊन घरी आलो. त्या हिवाळ्यात गरमीचा काटा 60 च्या वर जायचाच नाही, एव्हरेज पडलं, ऑइलला डिझेलचा वास यायला लागला आणि घाटात गाडी तरीही गरम व्हायची. शेवटी दुसऱ्या मेस्त्रींनी रेडिएटर खाली उतरवला तर पुढच्या बाजूने जाळीत उसाचं पाचट आणि भुसकट असं दाबून बसलं होतं की पलीकडचा उजेड दिसत नव्हता, वर फॅन बेल्ट सैल. रेडिएटर धुतला, बेल्ट ताणला, नवीन थर्मोस्टॅट बसवला आणि गरम होणं थांबलं. खोट पहिल्या दिवसापासून पाचटात होती आणि आम्ही चांगला पार्ट काढून फेकला. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात टाका, गॅसवर ठेवा, थर्मामीटर धरा, त्याच्या अंगावर जो आकडा मारलेला असतो त्याच्या आसपास उघडला तर चांगला, नाही उघडला तर बदला. एवढंच काम आहे.

साधं पाणी पुरे, हा त्याचाच जोडीदार. आमच्या भागात बोअरवेलचं पाणी किती जड आहे ते पाणी तापवायच्या भांड्याच्या आत बघा, जो पांढरा थर दिसतो तोच इंजिनात हेडच्या आणि सिलिंडरच्या बाहेरून बसतो आणि गरमी पाण्यापर्यंत पोचू देत नाही. त्यात गंज वेगळा. ज्या इंजिनात वेट लायनर आहेत, म्हणजे सिलिंडरमध्ये वेगळी बसवलेली नळी (लायनर) असते आणि तिला बाहेरून थेट पाणी लागतं, तिथे तर आणखी वाईट होतं, कारण पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटत राहतात आणि ते लोखंड टोचून टोचून खातात. बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात, एक दिवस भोक आरपार जातं आणि चेंबरमधलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. कूलंटमध्ये जे औषध असतं ते लायनरवर पातळ थर धरून हेच थांबवतं. आमच्या कमिन्सला लायनर नाहीतच, बोअर थेट ब्लॉकमध्ये आहे, पण म्हणून सुटका नाही, साध्या पाण्यावर ब्लॉकच्या डमी (ब्लॉकच्या भोकांना बसवलेली पत्र्याची बुचं) आतून सडल्या आणि भरल्या गाडीनिशी पाणी गळून रस्त्यात थांबावं लागलं. कूलंट आणि शुद्ध पाणी मिसळून भरा, रस्त्यात अडचण आली तर साधं पाणी टाकायला हरकत नाही पण घरी आल्यावर ते काढा.

आता न्यूट्रल. याच्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे कारण यात माणसं मरतात.

मेसेज म्हणतो न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं. मेकॅनिकल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा भाग, कसा चालतो बघा. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलेटरवरून पाय काढलाय, उतारामुळे चाकंच इंजिनाला फिरवतायत, इंजिन आयडलच्या वर फिरतंय, अशा वेळी गव्हर्नर रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी) पूर्ण मागे ओढतो आणि नोझलला डिझेल जातच नाही. न्यूट्रल टाकलं की चाकांचा संबंध तुटला, मग इंजिन बंद पडू नये म्हणून पंपाला आयडलचं डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, कमी नाही. तरीही वाचवायचं म्हणून काही जण इंजिनच बंद करतात, मग पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो.

आणि ब्रेकचं काय? 16 टनांची गाडी 300 मीटर खाली उतरली तर तेवढी ताकद कुठेतरी गरमी होऊन बाहेर पडावीच लागते, हिशोब केला तर ती साधारण सव्वा लिटर डिझेल जाळल्याएवढी भरते. गिअर लावलेला असेल तर त्यातली बरीच इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनालाच रोखणारा ब्रेक) घेतो. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचं बटण कितीही दाबा, चाकांना त्याचा काही उपयोग नाही, सगळी आग ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतो, लायनिंग गुळगुळीत होतं, पाय खाली जातो पण गाडी धरत नाही, आणि आयडलवर कंप्रेसर हळू हवा भरतो त्यामुळे वारंवार ब्रेक मारून टाकीतली हवाही उतरते. मग बातमीत येतं की ब्रेक फेल. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे, 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका ट्रकने एकामागे एक गाड्या उडवल्या, आणि ब्रेक फेल म्हणून सुरू झालेल्या चर्चेनंतर तपासात उतारावर इंजिन बंद केल्याचं समोर आलं होतं. आबांचा नियम सोपा होता, ज्या गिअरने घाट चढलास त्याच नाहीतर त्याच्या खालच्या गिअरने उतर, आणि गिअर घाटाच्या माथ्यावरच टाक, मध्ये उतारावर टाकायच्या भानगडीत पडू नको.

सकाळी वीस मिनिटं आयडल हे कुणाला तरी थंडीच्या देशातून ऐकून सुचलं असेल. थंड इंजिन आयडलला फार हळू गरम होतं, कारण लोड नाही. वर जे बोअर धुण्याचं सांगितलं तेच इथे होतं. सेल्फ मारा, ऑइल प्रेशर आलं का बघा, ब्रेकची हवा कमी असल्याचा बझर बंद होऊन प्रेशर पूर्ण भरेपर्यंत थांबा, तेवढ्यात टायरवर हात मारून या, मग निघा, आणि काटा वर येईपर्यंत गाडी रेमटवू नका. थांबायचं ते बंद करताना थांबा. घाट चढून आल्या आल्या ढाब्यावर चावी फिरवली तर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) अजून फिरत असतो, लालबुंद असतो आणि ऑइल मात्र बंद झालेलं असतं, मग आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतो आणि बेअरिंग जातं. दोन-तीन मिनिटं आयडल तिथे द्या.

रॉकेल. डिझेल पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते, तिथे वंगण म्हणून दुसरं काही नाही, डिझेलच. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि कोरडं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस गाडी हलकी वाटते आणि वर्षभराने पंपवाला मायको (बॉश) कंपनीचा पंप खोलून प्लंजर, डिलिव्हरी व्हॉल्व आणि नोझल सगळंच बदलायला सांगतो. शिवाय ती भेसळ आहे, गुन्हा आहे. काही जण पेट्रोल टाकतात, ते तर करूच नका, पेट्रोलची वाफ साध्या गरमीतही होते आणि एका ठिणगीने पेट घेते आणि टाकी तुमच्या सीटपासून चार फुटांवर असते. टूटी ऑइलवाल्यांचा मुद्दा जरा वेगळा आहे, ते म्हणतात आताच्या डिझेलमध्ये गंधक राहिलं नाही म्हणून ते कोरडं झालंय. गंधक कमी झालंय हे खरं, बीएस 3 च्या (धुराच्या सरकारी नियमांच्या) वेळी 350 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 350 भाग होतं, आता बीएस 6 मध्ये 10 आहे. पण वंगणाचं काम करणारं औषध रिफायनरीतच मिसळतात आणि डिझेलच्या भारतीय मानकात वंगणाची चाचणी ठरवून दिलेली आहे. तुम्हाला पंप जपायचा असेल तर डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि वॉटर सेपरेटरचं पाणी काढा, पंप मारतं ते पाणी आणि कचरा.

जाड ऑइलने धूर थांबतो? महिनाभर कमी दिसतो, हो. प्रेशरचा काटाही वर दिसतो म्हणून माणूस खूश होतो, पण प्रेशर दिसणं वेगळं आणि सकाळच्या थंडीत टर्बोपर्यंत ऑइल वेळेत पोचणं वेगळं. आधी धुराचा रंग बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, तिथे ऑइलचा संबंधच नाही, फिल्टर, नोझल आणि टर्बोचे पाइप बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, मग आयडलला ऑइलचं झाकण उघडून भपका किती मारतोय ते बघा, टर्बोतून इनटेककडे (इंजिनात हवा जाते त्या बाजूला) जाणारा पाइप काढून आत ऑइल साचलंय का बघा, म्हणजे रिंगा की टर्बो ते कळेल. आणि ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनाचं ऑइल चार दिवसांतच काळं होतं, काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. बोटावर घेऊन डिझेलचा वास येतो का, पट्टीवर लेव्हल आपोआप वाढली का, यावर लक्ष ठेवा.

फिल्टरला हवा मारायचं थोडक्यात सांगतो. पंक्चरवाल्याकडची हवा आठ-दहा किलोची असते, ती नळी कागदाला चिकटवून मारली की कागद फाटतो, डोळ्याला दिसत नाही पण धूळ आत जाते आणि रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या जातात. मारायचीच तर दोन किलोच्या आत, आतून बाहेर, लांबून. मग आत बल्ब घालून अंधारात बघा, उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर फेका. खरं तर जितक्या कमी वेळा उघडाल तितकं चांगलं.

टॅपेट वाजत नाहीत तोवर हात लावू नका, हे तर बरोबर उलटं आहे. वाजणारा टॅपेट सैल असतो, तो निदान ओरडून सांगतो. घट्ट झालेला टॅपेट अजिबात वाजत नाही, पण व्हॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही, गरमी सोडायला त्याला जागाच मिळत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्वची कड जळते. आमच्या इंजिनाला थंड असताना इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलीमीटर, फिलर गेज घालून, अंदाजाने नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, तो मॅन्युअलमधून घ्या.

नववा उपाय मात्र शंभर टक्के बरोबर आहे, एअर टाकीचं पाणी रोज काढा, संध्याकाळी गाडी लावल्यावर, सगळ्या टाक्यांचं, फक्त हाताला येते त्या एकीचं नाही. आणि काढताना खाली काय पडतंय ते बघा. पाणी येणं ठीक आहे. त्यात चॉकलेटी फेस नाहीतर ऑइल यायला लागलं तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्यात, तेच ऑइल पुढे ब्रेक व्हॉल्वच्या रबरात जातं, त्यामुळे पुढचा घाट धरायच्या आधी कंप्रेसर खोलून घ्या.