अकरा वर्षांचा रहिवास

मी गाडी लावली ती जागा आमच्या दारापासून ४३ पावलांवर आहे, हे मला पार्किंगच्या दंडाची पावती मिळेपर्यंत ठाऊक नव्हते. वायपरखाली खोचलेला कागद जाहिरातीचा असावा अशा समजुतीने मी तो खिशात कोंबला आणि घरी येऊन उलगडला, तेव्हा कळले की ज्या रस्त्यावर मी ११ वर्षे राहतो आहे, त्याच रस्त्यावर संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी माझ्या हातून गुन्हा घडला होता.

१४ दिवसांत भरल्यास दंड निम्मा होणार होता. अपील करून ते फेटाळले गेल्यास मात्र पूर्ण भरावा लागणार होता. शहाण्या माणसाने निम्म्यावर समाधान मानले असते, पण मी तो तत्त्वाचा प्रश्न केला. (तत्त्व आणि मोकळा रविवार एकाच वेळी हाताशी असले, की माणसाचे असे होते.)

अपिलाच्या अर्जात कारणे आधीच ठरवून दिलेली होती: गाडी चोरीला गेली होती, विकली होती, वाटेत बंद पडली होती, किंवा फलक दिसत नव्हता. ‘अहो, मी इथेच राहतो’ हे कारण त्यांत नव्हते. फलक मात्र खरोखरच झाडाच्या फांदीआड गेलेला होता, म्हणून मी तेच कारण निवडले आणि पुराव्यादाखल छायाचित्रे काढायला बाहेर पडलो. वारा सुटला की फांदी बाजूला होई आणि फलकावरचे अक्षर न् अक्षर स्वच्छ वाचता येई, त्यामुळे वारा पडण्याची वाट पाहत मी पाऊण तास मोबाइल उंच धरून उभा राहिलो. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी दोघांनी दबक्या आवाजात, कोणता पक्षी आहे, अशी चौकशी केली.

अर्जाचा पहिला मसुदा मी, १९३५ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत पहिले पार्किंग मीटर बसले, इथपासून सुरू केला होता. ‘दंड तुम्हाला तिकडे झाला आहे का?’ असे विचारून पत्नीने तो परिच्छेद खोडला. उरलेल्या मजकुरात मी एक सभ्य, जबाबदार आणि जुना रहिवासी असल्याचे ठासून सांगितले, विजेचे बिल जोडले आणि शेवटी, फलक दिसत नसल्यामुळे मला नियमाची कल्पना येणे शक्यच नव्हते, असे लिहिले. या दोन विधानांमध्ये काही भांडण असेल, अशी शंकाही मला आली नाही. उलट अर्ज पाठवल्यावर मी तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. फलक काही अंशी झाकला गेल्याचे छायाचित्रांवरून दिसते, तथापि अर्जदार स्वतःच्याच म्हणण्यानुसार तेथे ११ वर्षे राहत असल्याने त्यांना नियमाची माहिती नव्हती हे ग्राह्य धरता येत नाही, असे त्यात नमूद होते. जोडपत्र म्हणून माझेच विजेचे बिल परत आले होते. म्हणजे कालच इथे राहायला आलो असतो तर सुटलो असतो.

मी पूर्ण दंड भरला. पुढच्याच आठवड्यात दोन कर्मचारी शिडी घेऊन आले आणि माझ्या छायाचित्राची छापील प्रत हातात धरून त्यांनी नेमकी तीच फांदी छाटली. फलक आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही वाचता येतो.