घरचे संस्कार आणि बोर्डिंगातली पंगत

नमस्कार. माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मनापासून लिहिलीय, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चारित्र्य घडवणं आईबापांचं काम, शाळेनं गणित-विज्ञान नीट शिकवून मुलाला पोटाला लावावं, आणि ‘कमवा आणि शिका’चं, म्हणजे काम करून शिकण्याच्या भाऊराव पाटलांच्या वाटेचं, मी केलेलं कौतुक म्हणजे गरिबाच्या पोरांना राबवून घेण्याचं उदात्तीकरण.

संस्कार घरी होतात, कबूल. पण कसले? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्या काळात कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या नाही, हे पोराला बाराखडीच्या आधी पाठ असायचं. घरच्यांनीच शिकवलेलं! तेच पोर बोर्डिंगात आलं की सगळ्या जातीधर्मांच्या पोरांबरोबर स्वयंपाकाला लागायचं आणि त्यांच्याच पंगतीला बसायचं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट साताऱ्याकडे अजून सांगतात. समतेवर कितीही भाषणं झोडली असती तरी त्या एका पंगतीची सर आली नसती. संस्कार घरावर सोडले असते तर भाऊरावांना बोर्डिंग काढायचं कारणच उरलं नसतं.

राबवून घेण्याचं म्हणाल, तर फी भरायला दमडी नसलेल्या पोरांना शिकायची तीच वाट होती, आणि पुढे नोकऱ्याही त्यातूनच लागल्या. पोटाचा विचार भाऊरावांनी तुमच्या-माझ्याहून जास्त केला होता. मात्र आज विद्यापीठांमध्ये ‘कमवा व शिका’खाली खेड्यातली गरजू मुलंच फायली लावतात आणि खात्यापित्या घरची मुलं कॅन्टीनमध्ये बसतात. यात श्रमप्रतिष्ठा किती आणि स्वस्तात मिळालेला कारकून किती, असं विचारलंत तर मी तुमच्या बाजूनं आहे.

राहिलं ‘फक्त विज्ञान शिकवा’. अकरावी-बारावीची फिजिक्सची प्रयोगवही आठवतेय ना? लंबकाला हातही लावायचा नाही. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी वही मिळवायची, निरीक्षणं उतरवायची, गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर ९.८ च्या आसपास यावं म्हणून दशांशानंतरचे आकडे थोडे इकडेतिकडे करायचे; खाली सरांची सही. सरांना माहीत, मुलाला माहीत, बाहेरून आलेल्या परीक्षकालाही माहीत. सुविचाराचा फळा रोज पुसला जातो, हे मात्र चांगलं मुरतं. पुढे हाच मुलगा इंजिनिअर होऊन पुलाच्या तपासणीचा अहवाल जागेवर न जाता लिहितो, तेव्हा आपण त्याच्या घरच्या संस्कारांना नावं ठेवतो.

तुमचा मुलगा यंदा अकरावी सायन्सला गेलाय, असं तुम्हीच लिहिलंय. क्लास आणि कॉलेज एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ प्रकारात असेल, तर तिथल्या प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून किती वेळा निघतं ते त्याला विचारा, आणि इथेच कळवा.